क्रॉसबो मागण्याआधी त्याचा बाण कसा तयार होतो ते पाहा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रानडुकरांनी ऊस आणि हरभऱ्याची कशी वाट लावली, हे सांगणारं एका शेतकरी वाचकाचं पत्र आपण मागच्या आठवड्यात छापलंत. नुकसानीबद्दल त्यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे, त्यात मी एक काना-मात्राही बदलणार नाही. पण पत्राच्या शेवटी त्यांची मागणी अशी आहे की बंदुकीचा परवाना मिळत नाही, तर सरकारनं शेतकऱ्यांना अनुदानावर क्रॉसबो, म्हणजे खटक्याची धनुष्यं, द्यावेत. आवाज नाही, धूर नाही, ऑनलाइन मिळतो आणि एका बाणात डुक्कर आडवं. ही शेवटची ओळ वाचून मी लिहायला बसलो.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. आता अंबाजोगाईला राहतो. वावर केज तालुक्यात मांजरेच्या अंगाला आहे. ऊस, सोयाबीन, कडेनं तूर. तेव्हा डुकरांची ओळख मला कुणी करून द्यायला नको. क्रॉसबोही मी मोबाइलवर नाही, हातात घेऊन पाहिलेला आहे. लेक आणि जावई अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा पावसाळा आपल्याकडे संपत होता आणि तिकडे हरणांच्या शिकारीची तयारी चालली होती.

मिशिगनमध्ये धनुष्यबाणानं हरीण मारायचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. पांढऱ्या शेपटीची हरणं तिथं मोटारींना धडकतात, परसातली झाडं ओरबाडतात, आणि सरकार शिकारीचे परवाने विकून त्यांची संख्या आवरतं. तिकडे हे कायदेशीर आहे, आपल्याकडे नाही. त्यावर पुढे येतोच. जावयांच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ राहतात, मोटार कारखान्यात टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारे कारागीर, होते. त्यांच्या गॅरेजात सर्फेस प्लेट (अगदी सपाट पाट), व्ही-ब्लॉक (नळी टेकवायचे खाचेचे ठोकळे), डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापयंत्र), कानशी अगदी ओळीनं मांडलेल्या. जावई म्हणाले, "मामा, तुम्ही इथंच बसा, मी संध्याकाळी न्यायला येतो." आमची लेक मला धबधबे दाखवायला नेणार होती, ते राहूनच गेलं. त्या गृहस्थांना माझं इंग्रजी फारसं कळत नव्हतं आणि मला त्यांचं, पण डायलचा काटा तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, हलला की दोघांच्या भुवया एकदमच वर जायच्या.

आता यंत्राविषयी. बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य म्हणजे क्रॉसबो. दोरी चढवायला दीडशे ते दोनशे पौंडांचा जोर लागतो, म्हणून हूक आणि दोरखंड लावून किंवा हँडल फिरवून ती ओढतात. खटका दाबला की बाण सेकंदाला साडेतीनशे फुटांच्या आसपास वेगानं सुटतो. या बाणाला तिकडे बोल्ट म्हणतात. साधारण वीस इंचांची कार्बनची पोकळ नळी असते. तिच्या पुढच्या तोंडात ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं इन्सर्ट चिकटवलेलं, त्याला आतून इंचाला ३२ आटे. त्या आट्यांत पातं, म्हणजे बाणाचं धारदार टोक, फिरवून बसवायचं. मागच्या अंगाला प्लास्टिकची तीन पिसं आणि शेवटी नॉक, म्हणजे दोरी जिथं ढकलते ती टोपी. एवढाच ऐवज. पण पत्रलेखकांना वाटतं तसं डब्यातून काढला, ठेवला आणि सोडला, असं त्यात काहीच नाही.

त्या गृहस्थांनी नवा डबा उघडला तेव्हा पहिलं काम काय केलं? प्रत्येक नळी दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून हातानं फिरवली आणि वर डायल गेज टेकवला. नळीच्या सरळपणाचे दर्जे असतात. महागडी नळी एका थाऊच्या आत, मधली तीनच्या आत, स्वस्त सहाच्या. काटा जास्त हलला की ती नळी बाजूला, सरावाच्या ढिगात. मग नळीचं तोंड आणि इन्सर्टचा चेहरा गुण्यात, म्हणजे नळीशी काटकोनात, आहे का ते पाहायचं. इथं खरी गोम आहे. नळी कितीही सरळ असो, तोंड तिरकं कापलेलं असेल तर पातं तिरकंच बसणार. त्यासाठी एक छोटी चौकट मिळते: बाण तिच्यात आडवा ठेवून पॉलिश कागदाच्या चकतीवर तोंड घासायचं. आधी मार्करनं तोंडाला शाई लावायची, दोन वेढे घासायचं आणि बघायचं. शाई एकाच बाजूची गेली तर तोंड तिरकं, सगळीकडून सारखी गेली तर जमलं. मी आयटीआयच्या पोरांना सर्फेस प्लेटवर निळी शाई लावून हेच तर शिकवलं. ते काम मीच मागून घेतलं.

मग वजन. बाणांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सराफाच्या गुंजेचा साधारण निम्मा भाग म्हणजे एक ग्रेन. बाण पात्यासकट चारशे ग्रेनच्या घरात, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. त्यात पातं बहुधा शंभर ग्रेनचं. सगळे बाण एकेक करून काट्यावर घालायचे आणि ज्यांच्यात दोन-चार ग्रेनपेक्षा जास्त फरक नाही असे एकत्र काढायचे. कंपनी पुस्तिकेत कमीत कमी वजन लिहिते, त्याखाली जायचं नाही. हलका बाण जोरात जातो म्हणून आपली पोरं हलका शोधतील. पण बाण हलका असला की दोरीचा जोर बाणात न जाता धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाहूंतच परत फिरतो आणि ते तडकतात. बाण न ठेवता नुसती दोरी सोडली तर एकाच वेळेत धनुष्याचे तुकडे होऊ शकतात.

तोल पुढच्या बाजूला किती आहे तेही काढतात. वीस इंचांची नळी पात्यासकट पट्टीच्या धारेवर तोलली आणि ती मागून तेराव्या इंचावर स्थिरावली, तर मध्यापासून तीन इंच पुढे. तीनला वीसनं भागलं की पंधरा टक्के. दहा ते पंधरा टक्के किंवा थोडं वरही चालतं. त्यासाठीच कुणी पितळेचं जड इन्सर्ट बसवतं. पुढून जड बाण सरळ जातो. गोफणीनं पाखरं हाकणाऱ्या माणसाला हे अंगानं कळतं, टक्केवारीची गरज नाही.

नॉकचा मामला मात्र अंगानं कळणारा नाही. काही नॉक सपाट असतात, काही अर्धचंद्राच्या खाचेचे, काही दोरीला पकडणारे. कंपनीनं जो सांगितला तोच. सपाट सांगितलेला असताना खाचेचा लावला किंवा उलट केलं, तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटू शकते. म्हणजे पुन्हा रिकामी दोरी सुटल्यासारखंच. खाचेच्या नॉकची खाच दोरीला समांतर यायला हवी आणि तिन्ही पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस रुळाच्या, म्हणजे बाण ज्यावर ठेवतात त्या पट्टीच्या, चरात खाली बसायला हवं. नॉक थोडा फिरलेला असला तर एकतर पीस घासतं किंवा खाच दोरीवर बसत नाही. म्हणून पिसं, नॉक आणि खूण एका रेषेत आहेत हे प्रत्येक बाणावर पाहायचं.

एवढं झाल्यावर पातं. सरावाचं टोक साधं, गोळीसारखं. शिकारीचं टोक म्हणजे ब्रॉडहेड: दोन, तीन किंवा चार धारदार पाती असलेलं. एका जातीत पाती कायम उघडी, दुसरीत मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. कायम उघड्या पात्याचा त्रास असा की त्याला वारा लागतो. मागची पिसं बाणाला सरळ ठेवायला बघतात आणि पुढची पाती त्याला दुसरीकडे न्यायला. ट्रॅक्टरनं ट्रॉली पाठीमागं ढकलताना हूक बोटभर वाकडा असला तर ट्रॉली थोड्या अंतरात आडवी होते, तसंच. साध्या टोकानं एका ठिकाणी लागणारा बाण पातं लावल्यावर हातभर बाजूला जाऊ शकतो. म्हणून पातं बसवल्यावर बाण टोकावर उभा करून बोटांनी गिरकी देतात. टोक थरथरलं की पातं तिरकं. मग ते दुसऱ्या बाणावर लावून बघायचं. दोष पात्यात आहे की इन्सर्टमध्ये ते तेव्हा कळतं. इन्सर्ट गरम करून सुटणाऱ्या गोंदानं चिकटवलेलं असेल तर तापवून थोडं फिरवता येतं. कार्बनची नळी थेट तापवायची नाही, टोक तापवायचं.

यानंतर नेमबाजी. प्रत्येक बाणावर नंबर लिहिलेला. वीस यार्डांवर (साधारण साठ फुटांवर) बसून, क्रॉसबो टेकवून, आधी साध्या टोकांनी दुर्बिणीचा नेम लावायचा. मग तेच बाण पातं लावून त्याच खुणेवर. कोणत्या नंबरचा बाण कुठं लागला ते वहीत. एखादा नंबर दर वेळी उजवीकडे जात असेल तर त्याचं पातं, नॉक, पिसं तपासायची. तरीही जात असेल तर तो बाण सरावाला, शिकारीला नाही. सगळेच बाण मिळून एका बाजूला जात असतील तर दोष बाणांत नाही, मग पात्याचे बाण जिथं लागतात तिकडे दुर्बिणीचा नेम वळवायचा. आणि नंतर साध्या टोकाचा सराव विसरायचा, कारण नेम आता पात्याचा आहे. सरावात वापरलेल्या पात्याची धार निशाणाच्या फोमनं जाते, म्हणून शिकारीला नवी पाती चढवायची. धार बोटावर नाही, कागदावर किंवा ताणलेल्या रबरावर पाहायची. दर थोड्या बाणांनंतर दोरीला मेण, रुळाला तेलाचा थेंब. आणि डाव्या हाताचा अंगठा कायम रुळाच्या खाली. वर आला तर दोरी त्याला सोडत नाही.

मी हे इतकं लांबण लावून सांगतोय कारण ही सगळी मेहनत नेमकी कशासाठी असते ते पाहा. उभं, पूर्ण कुशीनं दिसणारं, न हललेलं हरीण. वीस-तीस यार्ड. दिवसाउजेडी, कारण मिशिगनमध्ये सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळेत हरीण मारायची परवानगी आहे. १ जानेवारी १९६० ला किंवा नंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. (माझा जन्म त्याच्या आधीचा, म्हणून जावई चेष्टा करायचे की मामांना सगळं माफ आहे.) अंतर मोजायचं यंत्र वेगळं असतं, कारण तीस यार्डांवर लावलेल्या नेमानं चाळीस यार्डांवर सोडलं तर बाण साधारण अर्धा फूट खाली लागतो. शिवाय "आवाज नाही" हे खोटं आहे. दोरी सुटल्याचा फटका ऐकू येतो, आणि तो आवाज बाणाच्या तिपटीनं वेगात धावतो. चाळीस यार्डांवरच्या हरणाला पाव सेकंद आधी कळतं. ते तेवढ्यात खाली दबतं आणि फुप्फुसाला लावलेला बाण पाठीत जातो. बरोबर लागला तरी हरीण जागेवर पडत नाही, धावतं. ते गृहस्थ अर्धा तास तरी जागचे हलत नाहीत, मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढतात. पोटात लागला असेल तर कित्येक तास थांबतात. जखमी जनावर सापडलं नाही तर त्यांची रात्र वाईट जाते, हे जावयांनी मला सांगितलं.

आता हेच आपल्या उसात आणा. रात्री दोन वाजता लाइट आली म्हणून माणूस पाणी धरायला जातो, बॅटरीच्या झोतात काळं काहीतरी पळतं. अंतर किती, माहीत नाही. डुक्कर उभं आहे की पळतंय, माहीत नाही. मध्ये उसाची पाचट आणि कांड्या. एका कांडीला बाण निसटता लागला तरी तो भलतीकडे जाणार, आणि पलीकडच्या बांधावर दुसऱ्या कुणाचा तरी सालगडी जागलीला बसलेला. डुकराच्या नराला खांद्यावर चामड्याखाली जाड, चिवट ढाल असते. काळीज आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे. वीतभर मागे लागला की पोटात. आणि आपली पोरं मागवतात तो क्रॉसबो तरी कुठला? मी गावात पाहिला तो पिस्तुलाएवढा, साडेसहा इंचांच्या ॲल्युमिनियमच्या बाणांचा. त्यानं फळ्यावर लावलेल्या कागदाशी खेळावं. एकानं तर लोहाराकडून त्याला पाती करून घेतली होती. गुण्यात आहेत का, वजन सारखं आहे का, विचारलं तर म्हणे, "सर, डुकराला काय करायचंय गुण्या?"

असल्याच बाणाचं एक डुक्कर आमच्या शेजारच्या वावरात ऊसतोडीच्या वेळी निघालं. मादी होती. मागच्या मांडीत बाण मोडलेला, जखम सडलेली. टोळी शेवटच्या सऱ्यांपर्यंत आली तेव्हा ती बाहेर पडायला जागा नव्हती म्हणून माणसांवरच आली. कोयता हातात असलेल्या एका बाईला पाडून गेली. बाईच्या पायाला टाके पडले, त्या दिवसाची मजुरी बुडाली. बाण ज्यानं मारला तो तेव्हा घरी झोपला असेल. पत्रलेखक म्हणतात एका बाणात आडवं. आडवी कोण झाली ते मी सांगितलं.

कायद्याचंही पाहा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेले आहेत. आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच मोडतं. तेव्हा "बंदूक नाही म्हणजे गुन्हा नाही" हे पारावरचं ज्ञान कोर्टात चालणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधी शिक्षासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. अंधारात डुक्कर समजून काळवीट मारलं तर ते पहिल्या अनुसूचीत आहे, तिथं कैद तीन वर्षांपासून सुरू होऊन सात वर्षांपर्यंत जाते. आपल्या बीड, धाराशिव, लातूरच्या माळांवर काळवीट काही दुर्मिळ नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे, पण ती वन खात्याकडून लेखी घ्यावी लागते. ती मागणी जोरात करावी. परवानगीचा अर्ज करायचा कुठं आणि उत्तर येणार कधी, यावर गावं पेटून उठली तर मी पुढच्या रांगेत असेन. पंचनाम्याला माणूस वेळेत येत नाही, भरपाई पुढच्या पेरणीपर्यंत येत नाही, हे मीही भोगलंय. डुकरं हाकायला साड्या बांधून झाल्या, न्हाव्याकडचे केस टाकून झाले, सुतळी बॉम्ब लावून झाले. सौर कुंपणासाठी गटानं अनुदान मागा, रात्रीऐवजी दिवसा लाइट मागा. दिवसा पाणी धरता आलं तर रात्री डुकराच्या तोंडी जायची वेळच कमी येईल. कुंपणात थेट करंट मात्र सोडू नका. त्यात डुकरापेक्षा भावकीच मरते.

ज्या पोरांना खरोखर धनुष्याचंच वेड आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. २०२३ साली बर्लिनला जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड (दोरी चाकांवरून फिरणाऱ्या) धनुष्यात सुवर्णपदकं घेतली. बाणाचं वजन, नळीचा सरळपणा, नॉकची रेषा, हे जे वर लिहिलं ते त्या खेळातही लागतंच. आमच्या आयटीआयमधल्या व्ही-ब्लॉकवर नळ्या तपासायला कुणी तिरंदाज पोर आलं तर तिथल्या सरांना आनंदच होईल, मी तर येऊन बसेन.

शेवटी, ज्यांनी क्रॉसबो आधीच मागवून घरात ठेवला आहे त्यांना माझ्या धंद्यातली सूचना. दोरी चढवून खुंटीला टांगून ठेवू नका. चढवलेली असेल तर हातानं सैल करायला जाऊ नका, बहुतेकांना तशी सोयच नसते. जुना, पुरेशा वजनाचा बाण साध्या टोकासह ठेवून, मागे आणि बाजूला कुणी नाही हे पाहून, समोर चार-पाच पावलांवरच्या मऊ मातीच्या ढिगात सोडा. बाण न ठेवता खटका कधीच दाबू नका. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. दोरीचा एक धागा तुटलेला दिसला तरी ती दोरी संपली. लोहाराची पाती काढून घ्या, आणि लेकरांचा हात पुरणार नाही अशा कुलपात ते यंत्र टाका.

आपला,
एक सेवानिवृत्त शिल्पनिदेशक (फिटर)
अंबाजोगाई, जि. बीड